अंग चोरणे, जात चोरणे

नीतिमूल्यांवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे व्याख्याने होतात. सत्य, अस्तेय, करुणा, कृतज्ञता अशी नावे एकामागून एक घेतली जातात, टाळ्या पडतात आणि माणसे घरी जातात. माझ्यापुढे हा प्रश्न काही महिन्यांपूर्वी आला तो अशा व्याख्यानातून नव्हे. माझ्याकडे मराठी शिकणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर जिन्यात थांबला. बौद्ध कुटुंबातला मुलगा. बाप गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, घरी रोज संध्याकाळी वंदना होणारी. शहरात खोली शोधताना त्याला चार ठिकाणी आडनाव विचारले गेले आणि चारही ठिकाणी 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळाले. पाचव्या ठिकाणी त्याने खरे आडनाव सांगितलेच नाही. गावाच्या नावाला 'कर' लावून तेच आडनाव म्हणून सांगितले. घरमालकीण काकूंनी 'म्हणजे तुम्ही आपल्यातलेच' असे परस्पर ठरवून टाकले आणि याने ते खोडले नाही. खोली मिळाली. भाडे तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला देतो. गणपतीत काकू आरतीला बोलावतात, तेव्हा मागे उभा राहतो.

"सर," तो म्हणाला, "माझं शील मोडलं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी दीक्षा झाली, तिच्यातल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी करणार नाही आणि खोटे बोलणार नाही याही प्रतिज्ञा आहेत. पंचशीलात अदिन्नादान आणि मुसावाद या दोन्हींपासून दूर राहण्याचा निश्चय आहे. आमच्या पोरांनी ते लहानपणापासून म्हटले आहे. (आरतीला उभे राहणे हाही प्रतिज्ञेचाच प्रश्न आहे, हे त्याला माहीत होते, त्याने तो मुद्दाम शेवटी सांगितला.) तेव्हा 'व्यवस्थेनेच तुला भाग पाडले, तू कशाला मनाला लावून घेतोस' हे उत्तर मी देऊ शकलो असतो, पण दिले नाही. कारण त्या उत्तरात एक खोच आहे. दलित माणूस जे करतो ते परिस्थिती त्याच्याकडून करवून घेते, त्याला स्वतःची अशी नीती नसतेच, हे प्रस्थापितही म्हणत आले आहेत. ते तुच्छतेने म्हणतात, आपण कळवळ्याने म्हणणार, एवढाच फरक. शील मोडले का असे विचारणारा मुलगा स्वतःला नीतिमान माणूस समजतो. त्याचा तो अधिकार काढून घेऊन त्याला सहानुभूती देणे हा फार वाईट सौदा आहे.

मला आठवले ते अर्थातच बाबुराव बागुल. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. संग्रहाला नाव देणाऱ्या कथेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्यातला विद्रोह, तिची धगधगती भाषा, तिचा निवेदक यांविषयी आपण विद्यार्थ्यांना टिपणे देत आलो. मात्र शीर्षकातल्या 'चोरली' या क्रियापदापाशी आपण पुरेसे थांबलो नाही असे मला वाटते.

मराठीत 'चोरणे' हा शब्द दुसऱ्याची वस्तू पळवण्यापुरता नाही. माणूस अंग चोरतो. कामात अंग चोरतो तो कामचुकार, हा एक अर्थ. पण अंग चोरून बसणे, अंग चोरून चालणे, म्हणजे आपल्या देहाने कमीत कमी जागा व्यापावी, कुणाला धक्का लागू नये, आपण इथे आहोत हे कुणाला जाणवू नये अशा बेताने वावरणे. हे अंग चोरणे आमच्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. वाटेवरून कडेला होणे, सावली आवरून घेणे, वाड्याच्या पायरीखाली उकिडवे बसणे हेच त्यांचे वळण होते. आणि हे वळण ज्याला नीट जमले त्याला गाव 'चांगल्या चालीचा' म्हणत असे. म्हणजे ज्याने स्वतःचे अंग चोरले तो सज्जन ठरला. आणि बागुलांच्या निवेदकाने अंग ताठ ठेवून फक्त जात चोरली, तर तो चोर ठरला. दोन्ही ठिकाणी लपवले ते स्वतःचेच. पहिल्या लपवण्यात गावाची सोय होती, म्हणून तो सद्गुण. दुसऱ्यात लपवणाऱ्याची सोय होती, म्हणून तो गुन्हा.

कथा वाचकांच्या परिचयाची आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी निवेदक उधन्याला येतो. परका मुलूख, डोक्यावर छप्पर नाही. तो जात सांगत नाही. माणूस म्हणून, या देशाचा नागरिक म्हणून बोलतो, कविता करतो. रामचरण तिवारी त्याच्या विद्वत्तेवर लुब्ध होऊन त्याला गुरू मानतो, घरी नेऊन जेवू घालतो. मग जात उघडी पडते आणि कालपर्यंत आदर करणारी माणसे त्याला मारहाण करतात. आता विचार करावा की या सगळ्यात चोरीला गेले काय? त्याची विद्वत्ता खोटी नव्हती. कविता त्याचीच होती. खोलीचे भाडे तो देणार होता. रामचरणने आदर दिला तो गुणांना पाहून दिला आणि गुण तर अस्सल होते. मग रामचरणचे नुकसान कोणते झाले? एवढेच, की ज्याला खाली बसवायचा त्याचा हक्क होता त्याला त्याने नकळत वर बसवले. चोरीला गेला तो हा हक्क. न दिलेले घेऊ नये हे शील खरे. पण जे कुणाच्याही मालकीचे असूच शकत नाही ते 'न दिलेले' कसे म्हणायचे?

या ठिकाणी नीतीच्या स्वरूपाविषयी बाबासाहेबांनी जे दोन विचार मांडले ते हाताशी घ्यावे लागतात. पहिला १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्याने न झालेले ते भाषण. त्यात ते नियम आणि तत्त्व यांत भेद करतात. नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो. पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही येत नाही. तत्त्व मात्र प्रत्येक प्रसंगी माणसाला न्याय करायला लावते आणि त्या न्यायाची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर ठेवते. दुसरा विचार त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातला. नीती असणे पुरेसे नाही, असे ते तिथे दाखवतात. नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांतही असते, जातीतही असते. पण ती आपापल्या माणसांपुरती असते. बाहेरच्याविरुद्ध आपले हित राखण्यासाठी असते. जी नीती कुंपणापाशी संपते ती समाजाला जोडत नाही, तोडते. म्हणून नीती पवित्र हवी आणि ती सर्वांसाठी एकच हवी.

हे वाचताना पुष्कळांना वाटते की हे दुष्ट माणसांविषयी आहे. तसे नाही, आणि हा मुद्दा जरा सविस्तर घेतला पाहिजे. कारण जातीची नीती दुष्टांपेक्षा सज्जनांच्या घरी अधिक नीट ओळखू येते. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) घ्या. मराठी शाळांत संस्कार म्हटले की हे पुस्तक. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी पडलेली एक म्हातारी महार स्त्री वाटेत बसली आहे; तिला ती डोक्यावर उचलून द्यायला कुणी तयार नाही. श्यामची आई मुलाला सांगते की जा, मोळी उचलून दे. लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नाही. त्या काळी, त्या घरात, हे धैर्यच होते. आणि मोळी उचलून दिल्यावर श्यामने आंघोळ करायची आहे.

वर्गात हा प्रसंग शिकवला जातो तेव्हा मोळीवर पाच प्रश्न विचारले जातात. आंघोळीवर एकही नाही. खरे तर मोळी आणि आंघोळ मिळूनच तो प्रसंग पुरा होतो. मोळी उचलणे हे तत्त्व आहे: समोर म्हातारे माणूस अडले आहे आणि प्रसंगाचा न्याय त्या माउलीने स्वतः केला आहे. आंघोळ हा नियम आहे: त्याला विचार लागत नाही. एकाच मायाळू माणसात दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांना अडवत नाहीत. करुणा कुंपणापलीकडे हात लांब करते, आणि लगेच तो हात धुऊन घेते. मोळीखालच्या म्हातारीला ती आंघोळ दिसली असती तर त्या करुणेचे तिच्या लेखी काय झाले असते, हा प्रश्न मराठी समीक्षेने विचारला नाही; कारण मराठी समीक्षा श्यामच्या बाजूला उभी होती. गुरुजींवर अन्याय नको. हाच माणूस पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून उपोषणाला बसला. गुरुजी त्या आंघोळीच्या पुढे गेले. त्यांचे पुस्तक शिकवणारे आम्ही मास्तर मात्र तिथेच ओले उभे आहोत.

संताप कुणाला कशाचा येतो, यावरूनही नीतीची हद्द कळते. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. ब्राह्मणगावात दलित स्त्रीला विवस्त्र करणाऱ्याला पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे, ही तुलना त्यांनी त्यात मांडली होती. महाराष्ट्रातले सुसंस्कृत जग खवळले ते ढाल्यांच्या भाषेवर. पन्नास या आकड्याने त्यांच्यातल्या फार थोड्यांची झोप उडाली. त्याच वर्षी आलेल्या 'गोलपिठा'तल्या शब्दांनीही अनेकांची सभ्यता दुखावली. ते शब्द ज्या वस्तीत रोज वापरावे लागतात तिने ती कधी दुखावली नव्हती.

पण प्रस्थापितांची ढोंगे मोजत बसणे हा या लेखाचा हेतू नाही. ते काम आपल्या नियतकालिकांनी पुष्कळ केले आहे आणि त्यात एक धोकाही आहे: दुसऱ्याची नीती खोटी हे सिद्ध केले की आपली आपोआप खरी ठरते, असा भास होतो. आपले मोठे लेखक या भासात अडकले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा (१९५९) दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. तिथे निवाडा सोपा आहे, वाचक त्याच्या बाजूने उभा राहतोच. पण त्याच अण्णा भाऊंनी 'स्मशानातील सोनं' लिहिले. गावाकडून पोटासाठी मुंबईत आलेला भीमा खाणीत काम करतो. खाण बंद पडते. एक दिवस मसणवटीच्या राखेत त्याला सोने सापडते, आणि मग तो रोज रात्री राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका श्रीमंताच्या प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी त्या प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे मुडद्याच्या दातांत अडकतात. बोटे जातात. आणि त्यानंतर बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. हा भीमा चोर आहे का? मेलेल्याच्या दाढेत सोने राहू देणारा आणि जिवंताच्या हातचे काम काढून घेणारा समाज नीतिमान आणि भीमा तेवढा अनीतिमान, असे कोण म्हणेल? तरीही अण्णा भाऊंनी त्याला फकिरा केलेले नाही. वाचताना अंगावर काटा येतो तो तसाच ठेवला आहे. भीमाने काहीतरी गमावले आहे, बोटांच्याही आधी, हे ते सांगत नाहीत पण दिसू देतात. गरिबीने केलेल्या प्रत्येक कृत्याला पुण्य म्हणायचे, ही सोय त्यांनी स्वतःला करून दिली नाही.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) तर आख्खी जमात जन्मजात चोर ठरवलेली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. हजेरीचा शिक्का मात्र गावाच्या मनातून कायद्याबरोबर गेला नाही. तिथेही पोरांनी मार खाऊन नावे सांगू नयेत म्हणून घरातच त्यांना मारून तयार केले जाते. बाबासाहेब म्हणतात ती टोळीची नीती हीच. फक्त ती टोळी कुणी केली, हे आपण विसरायचे नाही.

आणि आता आपल्याच घरात यावे लागते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ते लिहिले होते. लिहिले, आणि वीसेक वर्षे लपवून ठेवले. कुणापासून? ब्राह्मण समीक्षकापासून नव्हे, पाटलापासून नव्हे. घरातल्या माणसांपासून, नवऱ्यापासून. ज्या समाजाने 'आम्हांला माणूस म्हणा' अशी हाक दिली त्याच समाजातल्या बाईला आपल्या लेखणीचे कागद अडगळीत दडवावे लागले. आणि पुस्तकात काय आहे? महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांचे हाल, त्यांच्या पायात अडकवलेले लाकडी खोडे, नाक कापण्यापर्यंत गेलेला पुरुषांचा आणि सासवांचा क्रूरपणा. हे बाहेरच्यांपुढे कशाला मांडले, असे म्हणणारे आपल्यात निघाले. 'घरातले घरात' ही त्यांची नीती. ती आणि 'गावातले गावात' म्हणणाऱ्या पाटलाची नीती यांत मला तरी फरक दिसत नाही.

जिथे कुणाला लपावे लागते तिथे लपणाऱ्याची उलटतपासणी आधी होते. बागुलांचा निवेदक जात लपवतो तर त्याला विचारले जाते की खोटे का बोललास. बेबीताई कागद लपवतात तर त्यांना विचारले जाते की नवऱ्यापासून चोरून का लिहिलेस. ज्याच्या भीतीने लपवले तो कधी उत्तरे देत नाही. तो विचारणाऱ्याच्या खुर्चीवरच बसलेला असतो. म्हणून मला वाटते की एखादे मूल्य नैतिक आहे की नाही हे ओळखताना ते विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला सारखेच बांधते का, एवढे पाहावे. 'खरे बोल' हे मूल्य खरे ऐकल्यावर खोली नाकारणार नाही या हमीशिवाय केवळ एकाच बाजूला लागू केले जात असेल, तर ते सत्य नव्हे, ती हजेरी आहे.

इतके मी त्या मुलाला जिन्यात सांगितले. बागुलांच्या निवेदकावर घरमालकाचे किंवा रामचरणचे नैतिक देणे नव्हते, तसेच तुझ्यावर काकूंचे नाही, असे म्हणालो. तो ऐकत होता, पण त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही. मग म्हणाला, "सर, पण काशीनाथचं काय?"

मी गप्प झालो. वर्षानुवर्षे ही कथा शिकवून काशीनाथ सकपाळकडे मी नेहमी एक विरोधी पात्र म्हणून पाहत आलो होतो. निवेदक विचारी, काशीनाथ तापट. निवेदक लपवतो, काशीनाथ सांगतो. परीक्षेच्या उत्तराला पुरेसे. पण कथा पुन्हा मनात चाळली तेव्हा कळले की बागुलांनी निवेदकाला सोडलेले नाही. त्याच गावात, त्याच नोकरीवर काशीनाथ येतो. तो आपली जात उघड सांगतो, जवळ चाकू बाळगतो आणि एकटा पडतो. त्याच्या वाट्याला काय येते ते निवेदक पाहतो, आणि पाहूनही आपली जात सांगत नाही. शेवटी निवेदकाला मार बसतो तेव्हा धावून येतो तो काशीनाथच, ज्याच्या बाजूला निवेदक उभा राहिला नव्हता. मारणाऱ्यांवर निवेदक राग धरत नाही. त्या हातांमागे कोण आहे हे तो जाणतो. त्याची ती समज मोठी आहे. पण काशीनाथला एकटे ठेवल्याचा हिशेब त्या समजेने फिटत नाही, आणि तो फिटला असे बागुल म्हणतही नाहीत. समीक्षेत आपण सगळे मनूवर बोललो; काशीनाथवर कुणी फारसे बोलले नाही.

मुलाने मग जे सांगितले ते त्याने इतका वेळ मागे ठेवले होते. दिवाळीनंतर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. त्याच्याच जिल्ह्यातला एक मुलगा ती बघायला आला. त्याने आपले खरे आडनाव सांगितले. तो गेल्यावर काकूंनी याला बोलावून विचारले, "तुमच्याच भागातला दिसतो. कसला आहे रे तो?"

"मी म्हणालो, मला माहीत नाही," तो म्हणाला.

खोली कालच गेली, असे त्या मुलाला दुसऱ्या दिवशी कळवण्यात आले. आता तो कुठे राहतो ते याला माहीत नाही. शोधतो आहे, असे म्हणाला. मी त्याला विचारले, सापडला तर काय सांगणार? तो जिन्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिला. मग पुढच्या तासाची घंटा झाली.